हाडांची राखण

आषाढातल्या एका सकाळी मायाक्का मेंढरांच्या वाघरीत, जाळीच्या कोंडवाड्यात शिरली, खुरात काटा मोडलेली मेंढी उचलायला वाकली, आणि तिच्या पाठीत वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी झालं. आवाज झाला की नुसती कळ आली, हे तिला पुढं कुणाला नीट सांगता आलं नाही. मेंढी हातातून सुटली. मायाक्का गुडघ्यावर बसली ती तिथंच लेंड्यांत, दोन्ही हात भुईला टेकून. मेंढरं तिच्या अंगाला अंग घासत उभी राहिली. त्यांना वाटलं असेल, म्हातारी काटा काढायला बसली.

जाळीच्या बाहेर सून हेमावती शेळीची धार काढत होती. तिनं चरवी खाली ठेवली.

"आत्याबाई, काय झालं?"

"काय न्हाय. लचक भरली. हात दे."

हात दिला तरी उठता येईना. शेवटी हेमावतीनं काखेत हात घालून तिला ओढल्यासारखं उभं केलं आणि घरात नेऊन निजवलं.

सांगोल्याच्या पलीकडं, माण नदीच्या कोरड्या पात्रापासून हाकेच्या अंतरावर धनगरांची ती वाडी. वीस-पंचवीस घरं. दिवाळी झाली की निम्मी वाडी मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जाते आणि मृगाच्या तोंडाला परत येते. मायाक्काचा जन्मसुद्धा अशाच वाटेवर, कुणाच्यातरी उसाच्या बांधाला झालेला. एकसष्ट वर्षांत एकही दिवाळी अशी गेली नव्हती की पुढच्या पंधरवड्यात तिचे पाय वाटेला लागले नाहीत.

म्हणून लचक म्हटल्यावर घरात कुणी घाबरलं नाही. गावातल्या डॉक्टरनं सुया दिल्या. दोन-तीन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. कूस बदलताना ती तोंडात पदर कोंबायची. खोकला आला तर भिंत धरायची. हेमावती तिला अंघोळ घालायला बसली तेव्हा मायाक्कानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. साठ किलोचा मेंढा खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारी बाई, आणि आता तिची पाठ सून चोळत होती.

"आत्याबाई, तुमच्या पाठीला हितं पोक आलंय," हेमावती म्हणाली.

"वय झालं की."

"गेल्या साली न्हवतं."

तीन आठवडे असे गेल्यावर नवरा बिरप्पा एका सकाळी धोतर बदलून, डोक्याला नवं पागोटं बांधून उभा राहिला. "चल," म्हणाला. "सोलापूरला दावू."

सोलापुरात त्यांनी दोन दिवस काढले. फोटो निघाला, रक्त घेतलं, मग एका थंडगार खोलीत फळीसारख्या टेबलावर मायाक्काला उताणं झोपवलं आणि अंगावरून एक यंत्र हळूहळू सरकत गेलं. दुखलं काही नाही. हाडात किती दम उरलाय ते यात कळतं, एवढंच तिथल्या पोरीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. पन्नाशीची बाई, केस पिकलेले, बोलताना कागदाकडं नाही तर माणसाकडं बघणारी.

आधी त्यांनी मायाक्काला भिंतीला उभी करून उंची मोजली.

"पूर्वी किती होती?"

मायाक्का काय सांगणार? उंची कधी कुणी मोजली होती? बिरप्पा मात्र दारातून म्हणाला, "माझ्या कानाला लागायची. आता हनुवटीला लागती."

मायाक्कानं वळून बघितलं. चाळीस वर्षं वाटेनं हा माणूस तिच्या पुढं नाहीतर मागं चालत आला. ती कुठवर लागते, हे यानं कधी बघून ठेवलं असेल?

"आजी, लचक नाही ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठीचा मणका दबलाय. मोडलाय म्हणा. आणि त्याच्या वरचा एक आधीच कधीतरी दबून गेलाय. तुमची हाडं ठिसूळ झालीत."

"मी पडले न्हाय की वो."

"पडावं लागत नाही. हाड आतनं पोखरलं की वाकलं तरी मोडतं. मोडेपर्यंत ते दुखतही नाही, म्हणून कळत नाही."

"आमी तर आयुष्यभर दूध पितोय, उनात हाय. आमची हाडं कशी पोखरतील?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कधी गेली. मायाक्कानं बिरप्पाकडं बघितलं. तो उठून बाहेर गेला.

"गेली न्हाय. पिशवी काढली. चौतिसाव्या वर्साला."

"का?"

"पांढरं जायाचं. कंबर धरायची. डॉक्टर म्हनला, पिशवी खराब झालीया, उद्याला क्यान्सर हुईल. दोन लेकरं झालीती. मग काढली."

सोनोग्राफी झाली. पिशवीबरोबर दोन्ही बाजूची अंडाशयंही गेली होती. मायाक्काला ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पिशवी म्हणजे पिशवी, एवढंच तिला ठाऊक.

"त्या अंडाशयातनं जे रक्तात येतं ना आजी, ते बाईच्या हाडांची राखण करतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाळी जाईपर्यंत, पन्नाशीपर्यंत ती राखण असते. तुमची चौतिसाव्या वर्षीच उठली. सत्तावीस वर्षं हाडं उघड्यावर."

बाकीचं काही कळायचं राहिलं असेल, पण राखण उठणं मायाक्काला कळलं. राखण उठली की लांडगा येतोच. एका रात्रीत नाही, तर रोज एक कोकरू.

"आता परत भरंल का?"

"पहिल्यासारखं नाही. पण आहे ते टिकवता येतं, थोडं भरतंही. औषध चुकवायचं नाही."

मग त्यांनी एकेक सांगितलं. रविवारची एक गोळी. सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्यासंगं. चहा नाही, दूध नाही. आणि गोळी घेतल्यावर अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, नाहीतर ती गोळी गळ्याखालची नळी जाळते. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या रोज जेवणानंतर. आठवड्याला ड जीवनसत्त्वाची एक पुडी दुधातून. ओझं उचलायचं नाही. खालचं काही घ्यायचं तर कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं. कमरेचा पट्टा दुखणं ओसरेपर्यंतच. न्हाणीत शेवाळलेला दगड असेल तर काढून टाकायचा. आणि दुखणं कमी झालं की चालायचं.

"चालायचं?" मायाक्कानं पुन्हा विचारलं.

"रोज. हाडावर भार पडला की हाड धरतं. बसून राहिलात तर आणखी झिजेल."

शेवटी त्यांनी मायाक्काचे दात बघितले. "मिश्री?"

"सकाळ-सांज."

"ती बंद. तंबाखू हाड खाते."

"बाई, मिश्री लावल्याबिगार मला परसाकडं हुत न्हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. पण 'बंद'च म्हणाल्या.

*

वाडीत मायाक्कानं कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर कंबर धरलीय म्हणायची. पट्टा लुगड्याच्या आत बांधायची आणि वरून पदर गच्च लपेटायची. हाडं ठिसूळ म्हटल्यावर बायका काय म्हणतील, ते तिला ऐकायचं नव्हतं. चांगल्या घराला वाळवी लागल्यासारखं वाटायचं.

मिश्री दोनदा सुटली आणि दोनदा लागली. तिसऱ्यांदा तिनं डबीच चुलीत टाकली आणि चार दिवस घरादाराशी भांडत राहिली.

सगळ्यात अवघड तो अर्धा तास. जन्मात ती सकाळची अशी बसली नव्हती. रविवारी उजाडताना गोळी गिळायची, पेलाभर पाणी प्यायची आणि ओट्यावर भिंतीला पाठ लावून ताठ बसायची. समोर हेमावती शेण काढायची, धारा काढायची, पाणी ओढायची. मायाक्काच्या हाताला काहीच नसायचं. पहिल्या रविवारी तिला रडूच आलं. दुसऱ्या रविवारपासून ती बसल्या जागेवरून मनानंच वाटेला लागली.

पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर सगळा संसार. तळाला घोंगडी, वर भांडी, त्याच्यावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि सगळ्यात वर एखादं लंगडं कोकरू, पडू नये म्हणून दोरीनं बांधलेलं. ते ओझं ती एकटी चढवायची. घोड्याच्या मानेवरून दोरी टाकायची, पोटाखालून घ्यायची आणि गुडघा लावून आवळायची. बाप्ये मेंढरं घेऊन पहाटेच पुढं गेलेले. बायकांनी घोडी हाकत दुसऱ्या वाटेनं पुढच्या तळावर जायचं, दुपारपर्यंत तीन दगड मांडून चूल पेटवायची. काळ्या रानातले शेतकरी सामोरे यायचे. "पावनं, आमच्या रानात बसवा की चार राती." मेंढरं बसली की रानाला खत. मग धान्य यायचं, शेंगा यायच्या, कुणी उसाची मोळी आणून टाकायचं. वाटेत व्यालेली मेंढी दिसली की ओलं कोकरू ती पदराच्या झोळीत टाकायची. त्याचा ऊबदार ओला वास दिवसभर अंगाला. आणि संध्याकाळी कृष्णेच्या पाण्यात घोट्याएवढं उभं राहून तोंड धुताना मागून सगळ्या कळपाच्या घंटा एकदम यायच्या. तो आवाज तिला अजून तसाच्या तसा ऐकू यायचा.

आठवता आठवता एका रविवारी तिच्या ध्यानात आलं की ही सगळी चांगली सालं पिशवी काढल्यानंतरची आहेत.

त्याच्या आधी दर महिन्याचे ते चार दिवस तिला परक्या रानात नकोसे व्हायचे. फडकी कुठं धुवायची, कुणाच्या विहिरीवर, वाळत कुठं घालायची. पिशवी गेली आणि तो जाच संपला. डॉक्टरनं विचारलं तेव्हा बिरप्पानं लगेच सांगितलं होतं, "काढून टाका. दोन लेकरं हायती. कशाला ती कटकट." पण तीही मनातून खूश होती. घोड्याबरोबर पळू लागली. पस्तीस ते पन्नास. आयुष्यातलं ते सगळ्यात मोकळं चालणं. आणि तेवढ्याच वर्षांत आत हाडं रिती होत होती.

ती अर्धा तास संपला तरी उठली नाही. हेमावतीनं चहा आणून दिला तेव्हा मायाक्काला सुनेचा हात दिसला. नखं पांढरीफटक.

*

भादव्यात एक दिवस लेक बिरुदेव आईजवळ येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आये, हेमाला सोमवारी तालुक्याला न्यायचं हाय. पिशवीचं आपरेशन."

मायाक्कानं निवडत होती ते धान्याचं सूप खाली ठेवलं.

"तिला लई जातंय. धा-धा दिस. डॉक्टर म्हनला, काढून टाका, पंधरा दिसांत उठून कामाला लागंल. दिवाळीनंतर तू तर येनार न्हाईस. ती चालाय पायजे."

"तिचं वय काय?"

"तेहतीस."

मायाक्का गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मागच्या अंगाला गेली. हेमावती कपडे धूत होती. दगडावरचं पाणी लाल.

"हेमा, सोमवारी जायाचं न्हाय."

हेमावतीनं वर बघितलं नाही. "का?"

"सोलापूरच्या बाई काय म्हनल्या ते तुला सांगितलं न्हाय मी. माझी हाडं त्येच्यापायी गेल्यात."

तिनं सांगितलं. राखणीचं सांगितलं, अंडाशयाचं सांगितलं. आजवर सुनेशी या विषयावर ती अवाक्षर बोलली नव्हती. शब्द सापडेनात, पण ती बोलत राहिली. हेमावती ऐकत होती आणि कपडा पिळत होती. पिळून पिळून त्यातलं पाणी संपलं तरी पिळत होती.

"तुमाला बोलाय काय हुतंय, आत्याबाई?" ती शेवटी म्हणाली. "तुमचं चालून झालं. मला उभं ऱ्हायलं की अंधारी येती. परक्या रानात मी कसं करायचं? मामा बगत्यात, हे बगत्यात, कपडे भिजल्यालं. हाडं म्हातारपणी मोडायची ती मोडू द्या. मला आत्ता चालायचं हाय."

मायाक्कानं तो पिळलेला कपडा तिच्या हातातून घेऊन दोरीवर टाकला. चौतिसाव्या वर्षी तिनंही हेच म्हटलं असतं.

रात्री जेवणं होत आली. मग सगळ्यांदेखत, नवऱ्यादेखत, तिनं विषय काढला. बिरुदेव मान खाली घालून ताटातलं उष्टं बोटानं फिरवू लागला.

"काढू नगा असं मी म्हनत न्हाय," मायाक्का म्हणाली. "काढायलाच लागत आसंल तर काढा. पर त्या बाईस्नी एकदा इचारा. मला कुनी इचारलं न्हवतं."

"मेंढरं कोन बगंल?" बिरुदेव म्हणाला. "अजून दोन दिस मोडायचं?"

"मी बगतो," बिरप्पा म्हणाला. तो पाणी पिऊन उठला आणि बाहेर जाऊन बाजेवर पडला.

मंगळवारी मायाक्का आणि हेमावती सोलापूरला गेल्या. वाटभर हेमावती पदर तोंडावर घेऊन झोपली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, दुसऱ्या एका बायकांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं कळलं की पिशवीत लिंबाएवढी एक गाठ आहे, साधी. रक्त मात्र अंगात निम्मंच उरलं होतं. अशा रक्तावर ऑपरेशन करणंच धोक्याचं, असं त्या डॉक्टर म्हणाल्या. रक्तवाढीची औषधं चालू केली आणि दहा दिवसांनी पुन्हा बोलावून पिशवीत बोटाच्या पेराएवढं एक साधन बसवलं. जाणं कमी होईल, वेळ लागेल, आणि नाहीच झालं तर मग पिशवीचं बघू, तेव्हाही अंडाशयं ठेवूनच, असं स्पष्ट सांगितलं.

हेमावतीला ते पटलं असं नाही. परत येताना स्टँडवर ती म्हणाली, "नाय कमी झालं तर तुमी येनार हाय का माझी फडकी धुवायला?"

"येईन," मायाक्का म्हणाली. "वाकायचं तेवढं तू वाक. पिळायचं मी बगते."

हेमावतीला हसू आलं आणि ते तिनं तोंड फिरवून लपवलं.

दसऱ्याच्या सुमाराला दहाचे सहा दिवस झाले. दिवाळीत सहाचे पाच. पुरतं थांबलं नाही. पण डोळ्यापुढची अंधारी गेली आणि नखांखाली थोडी लाली आली.

*

दिवाळीनंतरच्या गुरुवारी कळप निघाला. मायाक्कासोबत घरात झोपायला शेजारची विधवा जाऊ तानाबाई येणार होती. दोन शेळ्या मागं ठेवल्या होत्या. घोडा आता उरला नव्हता. संसार भाड्याच्या छोट्या टेम्पोतून पुढच्या तळावर जायचा. बाकी सगळं तेच. बिरप्पानं मेंढरांवर भंडारा उधळला, कुत्र्यांना भाकरी टाकली आणि कळप पाणंदीला लागला.

मायाक्का काठी घेऊन मागून निघाली. ओढ्यापर्यंत आली.

"फिर आता," बिरप्पा म्हणाला.

"चालायला सांगितलंय मला."

ती पुढं चालत राहिली. पाठ ताठ, नजर पायाखाली, दगड बघून पाऊल. कळप चरत जातो, त्याला घाई नसते. दोनदा लिंबाच्या सावलीला बसली. हेमावती पुढं होती, आडव्या जाणाऱ्या मेंढराला खडा मारत, आणि मधूनच वळून सासू येतेय का बघत होती. चार मैलांचा पहिला टप्पा मायाक्कानं दुपारपर्यंत गाठला. एका डाळिंबाच्या बागेशेजारच्या पडीक रानात तळ होता. हेमावतीनं चूल मांडली आणि पहिली भाकरी सासूला दिली. मायाक्कानं ती दुधात कुस्करून खाल्ली.

बिरप्पा जवळ येऊन उकिडवा बसला. 

"तवा मीच म्हनलो हुतो," तो म्हणाला. "काढा म्हून."

"व्हय."

"मला काय ठावं हुतं?"

"मला बी न्हवतं." मायाक्कानं ताटली खाली ठेवली. "ती सालं लई चांगली गेली. खोटं कशाला बोलू? पर कुनाला तरी इचारायला पायजे हुतं आपन."

बिरप्पानं मान हलवली. मग तो उठला, तिच्या पुढं उभा राहिला आणि दोन्ही हात पुढं केले. ती त्याचे हात धरून गुडघ्यात वाकत, सांगितलं होतं तशी, हळू उठली.

"हेमाला पान्याचं हांडं उचलू देऊ नगा. तिच्या गोळ्या पिवळ्या पिशवीत हायती."

"बरं."

रस्त्यापर्यंत तो तिला सोडायला आला. सांगोल्याची एसटी आली तशी वर चढताना त्यानं खालून तिला हात दिला. गाडी गच्च भरली होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, मागं सरका. मागं जागा हाय."

"मागं न्हाय बसनार," मायाक्का म्हणाली. "मागं गचकं बसत्यात. माझी हाडं ठिसूळ हायती. पाठीचं दोन मनकं मोडल्यात."

तिनं ते मोठ्यानं सांगितलं. गाडीतल्या चार माणसांनी वळून बघितलं. पुढच्या बाकावरची हिरव्या साडीतली एक बाई, चाळिशीच्या आसपासची, पायाशी भाजीचं गाठोडं घेतलेली, सरकली आणि तिनं जागा केली. मायाक्का टेकली, पुढची दांडी धरली. गाडी सुटली.

थोड्या वेळानं बाई म्हणाली, "हाडं ठिसूळ म्हंजी काय वो? माझी बी कंबर लई धरती. डॉक्टर म्हनतोय, सुई घे."

मायाक्कानं तिच्याकडं नीट बघितलं.

"बाय," तिनं आवाज खाली आणून विचारलं, "तुजी पिशवी काढलीया का?"

बाई खिडकीबाहेर बघू लागली. 

"व्हय," ती म्हणाली. "तिसाव्या वर्साला."

"हिकडं सरक," मायाक्का म्हणाली. "आनि ते गाठोडं उतरताना तू उचलू नगंस. कंडक्टरला सांगू. आधी ऐक माझं."